चढावरचा आकडा

गॅरेजमध्ये तिला सगळे वहिनी म्हणत आणि तिची पाठ वळली की सायलेन्सरवाली. गॅरेजच्या समोरच, गल्लीच्या पलीकडे, तिची पत्र्याची खोली. आत वेल्डिंगचं मशीन, पाईप वाकवायचं यंत्र आणि भिंतीला टांगलेले गंजके सायलेन्सर. बोटांवर ठिणग्यांचे बारीक डाग. बोलणं कमी, आणि जे बोलायची ते तासून घेतल्यासारखं.

समोरच्या गॅरेजवर मोठ्या दिरांचं राज्य होतं. जुन्या गाड्यांचे शौकीन लांबून त्यांच्याकडे येत. त्यांना म्हणत कानसेन. बॉनेट उघडायचे, डोळे मिटायचे, कार्ब्युरेटरचा स्क्रू केसभर फिरवायचे. इंजिनाची धाप बसायची, आवाज रेशमासारखा व्हायचा. मग ते डोळे उघडून म्हणायचे, "न्या. आता ही पेट्रोल पिणार नाही, नुसतं हुंगेल."

त्यातली गोम घरातल्यांनाच ठाऊक होती. कार्ब्युरेटरमध्ये जेट नावाचा छोटा पितळी तुकडा असतो. त्याच्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. हे गृहस्थ प्रत्येक गाडीला हवा त्यापेक्षा एक नंबर लहान जेट लावत. पेट्रोल वाचायचं, गिऱ्हाईक खूश व्हायचं. तिचा नवरा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो एकदाच म्हणाला होता, "दादा, चढावर कमी पडेल रे."

"तुला इंजिन ऐकू येतं का?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं. सगळे हसले होते. धाकटाही हसला होता.

पुढे एका बड्या गिऱ्हाईकाची जुनी गाडी टेकडी चढताना बंद पडली. इंजिन उघडलं तर पिस्टन वितळून त्याला भोक पडलेलं. पिस्टन दोन कारणांनी वितळू शकतो. पेट्रोल कमी पडलं तर, नाही तर ठिणगीचं टायमिंग फार पुढे गेलं तर. कार्ब्युरेटर थोरल्यांनी लावला होता, टायमिंग धाकट्याने. थोरले गिऱ्हाईकाकडे वळून म्हणाले, "माझा कान चुकत नाही. याचा हात चुकला." एवढ्यावर निकाल लागला. धाकटा गॅरेजमधून बाहेर पडला, समोर सायलेन्सरचं दुकान थाटलं, बायकोला वेल्डिंग शिकवलं आणि पुन्हा कधी कार्ब्युरेटरला हात लावला नाही. जेवताना मधेच घास हातात धरून म्हणायचा, "माझंच टायमिंग पुढे गेलं असणार. दादाचा कान चुकत नाही." हे म्हणत म्हणतच तो गेला.

ती रडली, पण त्या वाक्यासाठी रडली नाही. ते वाक्य तिने जपून ठेवलं, गंज चढू दिला नाही. तिला एकच हवं होतं. ज्या तोंडाने गॅरेजच्या आवारात आरोप केला, त्याच तोंडाने त्याच आवारात तो मागे घ्यावा.

शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करणारा एकजण तिच्याकडे पाईपांना लोखंडी कड्या जोडून न्यायचा. एकदा तिने विचारलं, कशाला लागतात? तो म्हणाला, ऑक्सिजन सेन्सरसाठी. इंजिनातून जळून बाहेर पडलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते तो सेन्सर सांगतो. पेट्रोल कमी पडलं की ऑक्सिजन जास्त उरतो, आणि डॅशबोर्डवरच्या मीटरचा आकडा, म्हणजे एका भाग पेट्रोलला किती भाग हवा ते, चढतो. पाय पूर्ण दाबून बघायचं, चढावर बघायचं, काही लपत नाही. ती ऐकत राहिली. पुढच्या खेपेला तिने त्याच्याकडून तसा एक सेन्सर आणि मीटर मागवला.

मग ती वाट बघत बसली. थोरल्या दिरांची स्वतःची राखाडी गाडी होती, लेकीसारखी सांभाळलेली. तिचा पुढचा पाईप सडला. त्या गाडीचा पाईप बनवणारं दुसरं कोणी नव्हतं. नाइलाजाने ते गल्ली ओलांडून आले.

पाईप तयार झाल्यावर त्यांनी तो उलटसुलट बघितला. "ही कडी कसली गं?"

"सेन्सर बसवणार आहे, भाऊजी. तुमचं मिश्रण बरोबर आहे का ते कळेल."

"माझं?" ते खदाखदा हसले. "सगळा गाव मला विचारतो, आणि तू पाईपाला थर्मामीटर लावणार!"

"घाबरलात?"

हा शब्द नेमका बसला. "लाव. सगळ्यांना बोलाव. बघू तुझी डबी माझ्या कानाला काय शिकवते."

तिने सेन्सर तिरका बसवला, वायरीची बाजू वर आणि तोंड खाली, म्हणजे पाईपातलं पाणी त्यावर साठत नाही. वायर फ्लोअरखालून आत ओढली, मीटर डॅशबोर्डवर चिकटवला. आवारात पेंटर आला, लेथवाले काका आले, दोन-चार रिकामटेकडे आले. गाडी सुरू झाली. सेन्सर आधी तापतो, मग बोलतो. थोडा वेळ मीटरवर नुसत्या रेघा होत्या. मग आकडा उमटला आणि चढत गेला. सतराच्या वर.

साडेतेरा-चौदा असायला हवा होता. तिने मीटरकडे बोट केलं. "बघा! सतरा! पेट्रोल कमी आहे. सगळ्यांनी बघा!"

थोरल्यांनी मीटरकडे बघितलंच नाही. डोळे मिटले, मान तिरकी केली, मग खाली वाकून पाईपाजवळ बोट नेलं. "फुसफुस येतेय. इथून." सेन्सरच्या अलीकडे, तिच्या स्वतःच्या वेल्डिंगमध्ये, सुईच्या टोकाएवढं भोक होतं. तिथून बाहेरची हवा आत खेचली जात होती आणि सेन्सर त्या हवेचा ऑक्सिजन मोजत होता.

"बाई," ते म्हणाले, "तुझी डबी बरोबर. तुझा जोड गळका."

पेंटर हसताना खोकला. "वहिनी, हे म्हणजे शिंप्याच्याच सदऱ्याला भोक!"

तिचे कान तापले. दुकानातून निघणारा प्रत्येक जोड ती साबणाचं पाणी लावून तपासायची, बुडबुडा आला तर परत जोडायची. हाच एक तपासला नव्हता, घाई झाली होती. नवऱ्याने शिकवलेलं काम, आणि नेमकं तेच भाऊजींसमोर उघडं पडलं.

तिने पाईप उतरवला, भोक बुजवलं, साबण लावून बघितलं, परत चढवला. कोणी घरी गेलं नव्हतं. तमाशाचा दुसरा अंक कोण सोडतो? गाडी सुरू झाली. साडेतेरा.

"बोल आता," थोरले म्हणाले.

"उभ्या गाडीला काय विचारायचं, भाऊजी? चढावर चला. मी चालवते, तुम्ही आकडा बघा."

सगळ्यांच्या देखत नाही म्हणता येईना. ते बाजूला बसले.

टेकडीचा रस्ता लांब आणि सरळ चढाचा होता. तिने वरचा गिअर ठेवला आणि पाय पूर्ण दाबला. चढावर इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून आकडा साडेबारा-तेराला उतरायला हवा होता. तो चौदा झाला. पंधरा. अर्ध्या चढावर सोळा.

बॉनेटखालून बारीक खडखड ऐकू आली, डब्यात खडे हलवावेत तशी. थोरल्यांची मान वळली. ते ऐकायला त्यांना डोळे मिटावे लागले नाहीत.

"सोड," ते म्हणाले.

"काय ऐकू येतंय, भाऊजी?"

"पाय सोड! वितळेल ते!"

"कशाने वितळेल?"

"पेट्रोल कमी पडतंय! जेट लहान आहे!"

"ह्या वेळचा की त्या वेळचाही?"

खडखड वाढली. त्यांनी डॅशबोर्डला हात लावला, आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा. "त्या वेळचाही," ते पुटपुटले. "धाकट्याचं टायमिंग बरोबर होतं. आता सोड."

तिने ऐकलं. हेच ऐकायला इतकी वर्षं ती समोर बसली होती. पाय उचलला असता तर गाडी वाचली असती.

"इथे तुम्ही आणि मी," ती म्हणाली, "इथे कोण ऐकतंय?"

पाय तसाच राहिला. मग एक दबका आवाज झाला, आरशात निळा धूर भरला आणि गाडीतला जोर एकदम गेला.

दोर बांधून गाडी आवारात आणली. इंजिन थंड झाल्यावर थोरल्यांनी स्वतः उघडलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पिस्टनला भोक होतं, कडा मेणासारख्या ओघळलेल्या. लेथवाल्या काकांनी तो हातात घेतला. "असाच बघितला होता मागे एकदा," ते म्हणाले आणि सवयीने विचारलं, "टायमिंग कोणी लावलं होतं याचं?"

थोरल्यांनी तिच्याकडे बोट केलं. "हिने पाय सोडला नाही. मी सांगत होतो."

"चढावर पाय दाबायचाच की," पेंटर म्हणाला. "चांगलं इंजिन घेतं तेवढं. सोडायला का सांगत होता?"

बोट हवेत थोडा वेळ राहिलं, मग खाली आलं. बोट दाखवायला आता दुसरा भाऊ नव्हता.

"टायमिंग मीच लावलं होतं," ते म्हणाले. "ते बरोबर होतं. जेट लहान होता." थांबून, तिच्याकडे न बघता, "त्या गाडीचंही तसंच झालं होतं. धाकट्याची चूक नव्हती."

लेथवाल्या काकांनी पिस्टन हळूच फडक्यावर ठेवला. माणसं एकेक करून काम असल्यासारखी निघून गेली.

"झालं समाधान?" थोरल्यांनी विचारलं. आवाज म्हातारा झाला होता. "गाडी गेली माझी."

"हे जाईपर्यंत रोज स्वतःशी म्हणायचे, माझंच चुकलं," ती म्हणाली. "आता रोज म्हणायची पाळी तुमची."

तिने सेन्सर पान्याने सोडवला, फडक्यात गुंडाळला आणि गल्ली ओलांडली. दुकानात एक सायलेन्सर जोडायचा पडला होता. तो जोडला, साबण लावून बघितला, बुडबुडा आला नाही. मग ती बाकावर बसली. आता आत कुठे तरी हळहळ सुरू होईल, असं तिला वाटलं होतं. राखाडी गाडीसाठी, नाही तर त्या म्हाताऱ्या आवाजासाठी. तिने वाट बघितली. भूक तेवढी लागली. तिने डबा उघडला आणि, घास हातात धरून मधेच न थांबता, सगळा संपवला.