सात नंबरच्या गाडीखालचा थेंब

तपासणीच्या साहेबांनी कांबळे मामांना फसवलं. हे आधी लिहून टाकतो, मग बाकीचं.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. जुन्या बाजारात नट-बोल्ट विकून वर आलेला माणूस मी... भूत समोर आलं असतं तर त्याच्याशीही घासाघीस केली असती.

खडकीत माझी शेड होती. हिंजवडीत आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि माझे मेकॅनिक एकेक करून कंपन्यांच्या कॅब चालवायला पळत होते. त्याच सुमारास लष्कराच्या बारा ट्रकच्या देखभालीचं काम मी भांडून मिळवलं. कांबळे मामा माझे हेड मेकॅनिक, लष्करातूनच निवृत्त झालेले. संध्याकाळी ते प्रत्येक ट्रकखाली कोरा पुठ्ठा अंथरायचे आणि सकाळी इंजिन चालू करण्याआधी गुडघ्यांवर बसून बघायचे. डाग दिसला की भोवती निळ्या खडूने गोल. हात थरथरायचा, म्हणून त्यांच्या गोलाला शेवटी शेपूट यायचं.

"ओल असेल तर लिहायचं शेठ, थेंब लोंबत असेल तर लक्ष ठेवायचं... पण पडला, की गाडी हलवायची नाही."

एका सकाळी सात नंबरखाली ब्रेक ऑइल पडलेलं होतं. मामांनी पुठ्ठाच लष्कराकडून तपासणीला आलेल्या साहेबांसमोर धरला.

"अहो मामा, एका थेंबाचं एवढं कौतुक? आरती ओवाळू का त्याला?"

"साहेब, गाडी आज घाटात जाणार आहे."

"मग तुम्ही मागून धरून ठेवा."

तपासणीच्या तक्त्यावर साहेबांनी 'ठीक' लिहिलं. जाताना पुठ्ठा घेऊन गेले.

कात्रजच्या घाटात ब्रेक गेले. ड्रायव्हरचे दोन्ही पाय मोडले. चौकशीत साहेब म्हणाले, "मला कुणी काही सांगितलंच नाही." मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो – मी फोनवर होतो, ऐकलं नाही. कराराची मुदत संपत आली होती, पुढचा करार साहेबांच्याच सहीवर होता... ठपका मामांवर आला. तीन आठवड्यांत हार्ट अटॅकने गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजलीच्या विधीला, जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शेड उघडली. कुलूप मीच लावलेलं, किल्ली माझ्याच खिशात. सात नंबर कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. अपघातानंतर तिची ब्रेकची सगळी लाइन काढलेली, ब्रेक ऑइलची टाकी कोरडी. तिच्याखाली पुठ्ठा. पुठ्ठ्यावर एक थेंब, भोवती निळा गोल – शेपटीसकट!

मी पेटलो. "कुणाची मस्करी आहे ही?"

"शेठ, किल्ली तुमच्याकडे," वेल्डर म्हणाला. "आम्ही काय पत्र्यातून आलो?"

खडूचा डबा तर मीच मामांच्या बायकोकडे पोचवला होता. तो पुठ्ठा उचलून कपाटात ठेवला, खाली नवा टाकला. दुसऱ्या सकाळी तसाच थेंब, तिथेच. तिसऱ्या सकाळीही. चौथ्या दिवशी साहेबांना बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं आणि रुमालाने मान पुसली.

"हात लावून बघा ना साहेब."

"मला उशीर होतोय."

त्यानंतर ते माझ्या शेडमध्ये आले नाहीत. महिन्याभरात बदली करून घेतली. सात नंबर भंगारात गेली, करारही गेला. पहिला पुठ्ठा मात्र अजून माझ्या कपाटात आहे. पुठ्ठ्यावर पडलेलं ऑइल मुरतं, पसरतं, डाग होतो. हा थेंब इतकी वर्षं तसाच फुगीर उभा आहे. बोट लावलं की ओलं होतं, थेंब कमी होत नाही. दोन केमिस्ट्रीवाल्यांना विचारलं, दोघांनी विषय बदलला.

त्या दिवशी मी फोनवर नव्हतो. सगळं ऐकलं होतं. हे मी इथे लिहून देतो.

साहेब, आपण आता कोथरूडला राहता, मला ठाऊक आहे. पुठ्ठा मी घेऊन येतो. आपण फक्त त्या थेंबावर बोट ठेवा आणि मामांच्या बायकोसमोर परत एकदा म्हणा – मला कुणी सांगितलं नव्हतं.