राजी असली तरी

सरकारनं हजार विड्यांमागची मजुरी वाढवली त्या साली माझी ताई नववीत होती. आम्ही इतवारीच्या मागच्या वस्तीत राहायचो. बाप नव्हता. माय दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, आणि ताईनं मॅट्रिक व्हावं एवढा एकच हट्ट धरून बसली होती. पण जुन्या भावात ताईची शाळा आणि आमची पोटं, दोन्ही काही निभत नव्हतं.

एकदा वस्तीत युनियनचे वकील आले. आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "किमान वेतन म्हणजे काय? त्याच्याखाली देणं हा गुन्हा. तुम्ही कमी घ्यायला राजी असलात तरी गुन्हाच."

"मी राजी असली तरी?" मायनं पुन्हा पुन्हा विचारलं. आपल्या राजीखुशीला कोणी विचारत नाही, हे ऐकून खूश झालेली बाई मी तेव्हाच पाहिली!

पण आमचा सट्टेदार, म्हणजे घरोघरी तेंदूपत्ता-तंबाखू देऊन विड्या नेणारा माणूस, जुन्याच भावानं पैसे द्यायचा. आणि तो पडला मायचा मानलेला भाऊ. बाप गेला तेव्हा तेरवीचं सामान त्यानं आणलं होतं. तेव्हापासून माय त्याला राखी बांधायची, आणि आमचा तो मामा झाला. मेला कसला मामा! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

लेबर ऑफिसचे साहेब तपासणीला आले, तेव्हा हा दारातच उभा. राखीचा दोरा अजून मनगटावर होता.

"बाई, पूर्ण भाव मिळतो का?" साहेबांनी विचारलं.

माय मान खाली घालून विडी वळत राहिली.

"सांग नं वं माय," ताई म्हणाली. आपली शाळा या एका उत्तरावर अडली आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"भेटते साहेब. पुरा भेटते."

साहेब पुढच्या घरी गेले, त्यांच्या मागोमाग मामाही. माय कमी घ्यायला राजी आहे म्हणून कायदा गप्प बसणार नव्हता. पण कमी मिळतं एवढं तरी तिनं बोलायला हवं होतं ना!

"काहून खोटं बोलली?" ताई ओरडली.

"राखी बांधली त्याले. भर वस्तीत भावाले चोर म्हणू का वं?"

मला मायचा राग आला. अजून येतो, आणि त्याच रागात जीव तिच्यासाठी तुटतोही.

दिवाळीच्या सुटीनंतर ताई शाळेत गेलीच नाही. शेजारणीचं जुनं सूप आणून मायजवळ बसली. बस असं तिला कोणी म्हटलं नव्हतं, पण ऊठ असंही कोणी म्हटलं नाही.

मामा माल न्यायला आला. ताईच्या विड्या चाचपून म्हणाला, "वा, भाचीचा हात साफ हाय." भाव तोच लावला. माय त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेली, ती बाहेर येईचना. मी डोकावले, तर पदर तोंडात कोंबून ती रडत होती, बाहेर भावाला ऐकू जाऊ नये म्हणून.