पहिले हजार किलोमीटर

दोन हजार साल लागायच्या सुमारास आमच्या घरी पहिली गाडी आली. पांढरी, छोटी, चार माणसं आणि एक आंब्याची पेटी मावेल एवढी. पैसे मी भरले, सह्या मी केल्या, पण रत्नागिरीत आमच्या अंगणात येऊन उभी राहिल्यापासून ती गाडी माझी नव्हतीच. ती बाबांची होती. बाबांनी एकतीस वर्षं एस.टी. चालवली. घाट, पाऊस, धुकं, रस्त्यात बसलेली गुरं, सगळ्यांतून. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून कुणाला साधं खरचटलंही नाही. हे ते स्वतः कधी बोलत नसत. आई बोलायची, न विचारता, भाजीवालीलासुद्धा.

गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांनी माझ्याकडून मोठ्याने वाचून आणि अर्थ सांगून घेतलं. पहिले हजार किलोमीटर साठच्या वर जायचं नाही, एकाच वेगात फार वेळ चालवायची नाही, ओझं लादायचं नाही, कचकन ब्रेक मारायचा नाही. मी धडा बरोबर वाचतोय की नाही हे तपासत असल्यासारखे ते मान डोलवत होते.

"नवीन इंजिन हाय," ते म्हणाले. "आतले भाग अजून एकमेकांच्या ओळखीचे नायत. त्यांना जरा सवड द्यायला हवी."

आणि साठाचे त्यांनी स्वतःच्या अधिकारात पन्नास केले. हातखंब्याच्या पुढे आम्हाला ट्रक मागे टाकायचे, टेम्पो मागे टाकायचे, एकदा तर एका रिक्षावाल्याने मागे टाकलं आणि वळून हसला. मी शेजारी बसून दात-ओठ खायचो. बाबा शांत. माझा स्वभाव मुळात तापट. गाडी तापू नये म्हणून जेवढी काळजी त्या घरात घेतली जात होती, त्याच्या निम्मी माझी घेतली असती तरी बरं झालं असतं.

रोज सकाळी, गाडी बाहेर काढायची असो वा नसो, तपासणी व्हायची. इंजिन थंड असताना ऑईलची पट्टी काढायची, फडक्याला पुसायची, परत घालून परत काढायची. मग पाणी, ब्रेकचं ऑईल, अंगठ्याने दाबून इंजिनचा पट्टा. मग देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे गाडीभोवती फिरून चारही टायरांवर हातभर लाकडी दांडक्याने ठोकायचं, हवा ठीक आहे का ते आवाजावरून कळावं म्हणून. एस.टी.च्या टायरला ते ठीक होतं. आमच्या टायरांचा आवाज मला तरी चारही वेळा सारखाच यायचा. शेवटी दिवे. त्यासाठी आईला चुलीवरचं सोडून गाडीच्या मागे उभं राहावं लागे. बाबा आत बसून ब्रेक दाबत, आई पदराला हात पुसत सांगे, "लागला." पाय काढला की, "विझला." पुन्हा "लागला." तेवढं झालं की तपासणी संपली.

आईचं माहेर लांज्याकडचं. गाडीची पहिली मोठी फेरी तिथल्या ग्रामदेवतेला झाली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, गाडीला आणि गाडीतल्या माणसांना सांभाळ म्हणून देवीला विनवलं, आणि एक नारळ आईच्या ओटीत देऊन म्हणाला, "ह्यो गाडीतच असू दे." आईने तो पुढच्या काचेपाशी ठेवला.

"समोर काय नको गो," बाबा म्हणाले. "वळणावर गडगडेल."

आईने नारळ उचलला. कुठे ठेवला ते कुणी विचारलं नाही.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी, किलोमीटरचा आकडा सहाशेच्या पुढे गेला होता तेव्हा, ते दोघे सकाळी मिरकरवाड्याला मासे आणायला गेले. आमचं घर उतारावर. मोठ्या रस्त्यावरून खाली यायचं, डाव्या हाताला शेजाऱ्यांचा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कमरेएवढी दगडी भिंत, आणि उतार संपतो तिथे त्यांचं अंगण. सुट्टीचा दिवस होता. मी पडवीत पेपर वाचत होतो. दणका ऐकून धावलो तर गाडी गडग्याला टेकलेली, डावा दिवा फुटलेला, बंपर आत गेलेला, तीन-चार चिरे खाली. मागच्या सीटवर आई, आणि सीटच्या प्लॅस्टिकवर पिशवीतून सांडलेले बांगडे. सुट्टी म्हणून सकाळपासून अंगणात असलेलं शेजाऱ्यांचं सगळं घर जागच्या जागी उभं होतं.

बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ते आधी मागे वळून म्हणाले, "तुला लागलं काय गो?" आईने मान हलवली. मग ते खाली वाकले, पायाशी काहीतरी चाचपलं, आणि मला म्हणाले, "ब्रेक उशिरा लागला. माझी चूक."

घाबरलेल्या माणसाने एक तर रडावं, नाहीतर गप्प बसावं. मला यातलं एकही जमत नाही. शेजाऱ्यांच्या देखत मी म्हणालो, "वय झालं आता तुमचं, बाबा. पुरे करा. चावी द्या इकडे."

त्यांनी चावी काढली, शर्टाच्या टोकाला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.

गॅरेजवाल्याने दिवा बसवला, बंपर ओढून सरळ केला आणि ब्रेक दोनदा तपासले. "ब्रेक एकदम चोख आहेत," तो म्हणाला. म्हणजे चूक माणसाची. मला माझंच बरोबर असल्याची पावती मिळाली, आणि लाज वाटते सांगायला, त्याचं मला बरं वाटलं.

घरात मात्र काहीतरी बंद पडलं. सकाळी बाबा अंगणात येईनासे झाले. दांडकं पडवीच्या कोपऱ्यात उभं. आई चुलीपाशीच असायची. आणि भाजीवाली आली की आई भाजीबद्दलच बोलायची. एकतीस वर्षांचा विषय तिने त्या दिवसापासून काढला नाही. उरलेले किलोमीटर मी एकटाच पुरे करत होतो, सकाळी पालीपर्यंत जाऊन परत, पन्नासच्या वेगाने. कुणी बघत नव्हतं तरी पन्नासच्या वर जायला पाय धजत नव्हता.

एका रविवारी स्टेपनीत हवा आहे का बघायला डिकी उघडली. स्टेपनीच्या बाजूला, बाबांच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला तो नारळ होता. शेंडी चेपलेली, आणि करवंटीवर काळ्या रबराचे तीन सरळ पट्टे. असे पट्टे कुठे असतात ते आठवायला मला वेळ लागला नाही. मी नारळ घेऊन बाबांच्या जागेवर बसलो, तो ब्रेकच्या पायपट्टीखाली सरकवला आणि दाबून बघितलं. ब्रेक बोटभरही खाली गेला नाही.

आईने तो काचेजवळून उचलून बाबांच्याच सीटखाली ठेवला होता. गाडी चालवणाऱ्याला सांभाळलं की सगळ्यांना सांभाळलं, असा तिचा साधा हिशोब. उतारावर तो गडगडत पुढे आला. बाबांनी पाय दाबला आणि काहीच झालं नाही. खाली शेजाऱ्यांचं भरलेलं अंगण. तेवढ्या क्षणात त्यांनी गिअर उतरवला, हातब्रेक ओढला आणि गाडी डावीकडे गडग्यावर नेली, म्हणजे त्यांच्या मागे उजवीकडे बसलेल्या आईला कमीत कमी धक्का बसेल. आणि नंतर सगळ्यांची नजर चुकवून नारळ डिकीत लपवला. मी असतो तर सरळ अंगणात गेलो असतो. आणि या माणसाला मी चारचौघांत वय झालं म्हणून सांगितलं होतं.

बाबा मागील दारी झाडूसाठी माडाच्या झापाचे हीर काढत बसले होते. मी नारळ त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं.

"तिला सांगू नको," ते हळू आवाजात म्हणाले. "आपल्या भल्यासाठी ठेवलान तिने. कळलं तर जन्मभर जिवाला लावून घेईल. परत गाडीत बसायची नाय."

"आणि तुमची एकतीस वर्षं?"

"ती हायत माझ्याजवळ. ती कुठं जातात?"

"मी नको ते बोललो तुम्हाला."

"बोललास," ते म्हणाले, आणि हीर सोलायला लागले.

मी चावी त्यांच्या सुरीशेजारी ठेवली. त्यांनी लगेच उचलली नाही. आधी हातातलं झाप पुरं केलं, मग उचलली.

पुढच्या रविवारी लांज्याला मामाकडे जायचं ठरलं. सकाळी दांडकं बाहेर आलं, चारही टायर ठोकून झाले. आई मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लागला." निघताना बाबांनी नारळ तिच्या हातात दिला. "देवाचा नारळ पायाशी बरा नाय गो. मांडीवर घे." मी मागे तिच्या शेजारी बसलो होतो. तिने नारळ मांडीवर घेतला, फिरवून बघितला, आणि पालीपर्यंत तिचा अंगठा त्या काळ्या पट्ट्यांवरून हलला नाही.

धडकेची सगळी हकीकत मामाच्या कानावर आधीच गेली होती. नवा बसवलेला दिवा बघून त्याला चेष्टेचं निमित्त मिळालं. "काय भावोजी, एकतीस वर्षांत जमलं नाय ते सहाशे किलोमीटरात केलंत?"

"वय झालं," बाबा हसत म्हणाले. माझेच शब्द. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"वय नाय झालं," आई म्हणाली. नारळ अजून तिच्या हातात होता. "ह्यो मी त्यांच्या सीटखाली ठेवला होता, दादा. ब्रेकच्या खाली गेला. चूक माझी."

बाबांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"त्याने नाय सांगितलं," आई म्हणाली. "मला डोळे हायत." मग ती बाबांकडे वळली. "तुम्ही तरी सांगायचं होतंत. एवढे दिवस खाली मान घालून बसलात."

"चहा घे," बाबा म्हणाले. "निवतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांकडे गवंडी गडग्याचे पडलेले चिरे बसवत होता. आई त्याला पाणी द्यायला गेली. त्याने काही विचारलं नव्हतं. तरी ती त्याला सांगत होती, पडवीत बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने:

"एकतीस वर्षं एस.टी. चालवलीन. कुणाला खरचटलं नाय. आणि परवा ह्या उतारावर मला वाचवलान."