एक डॉक्टर आत, एक बाहेर

माझा नवरा डॉक्टर आहे, पण झाडांचा. लखनऊच्या एका संशोधन संस्थेत तो पानांवरच्या बुरशीचा अभ्यास करतो. दारावरची पाटी वाचून शेजारच्या आंटी ताप आला की आमच्याकडेच येतात. हाही त्यांना परत पाठवत नाही; भरपूर पाणी प्यायला सांगतो.

माझा गर्भ पडला, पिशवी साफ केली, आणि काही आठवड्यांनी अचानक रक्त जायला लागलं. पाळीसारखं नव्हे, नळ सोडल्यासारखं. गोमती नगरच्या डॉक्टरबाईंना वाटलं, आत काही राहिलं असेल, परत साफ करू. पण आधी त्यांनी रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करायला लावली, म्हणून निभावलं. गर्भाशयाच्या भिंतीत धमनी आणि शीर थेट एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. तिथं खरवडलं असतं तर रक्त आवरलं नसतं.

"पिशवी काढावी लागेल का?" मी हिंदीत विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"अरे नहीं. पहले नली डालकर वो रास्ता बंद करवाते हैं."

ते करणाऱ्या डॉक्टरांना भेटायला गेलो, तोवर नवऱ्यानं इंटरनेट पालथं घातलं होतं. नस बुजवायला काय वापरता, किती वेळात घट्ट होतं, सगळं विचारून झालं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसून म्हणाले, "डॉक्टर साहब, आप भी डॉक्टर, हम भी डॉक्टर. बस कल नली हमें पकड़ने दीजिएगा."

दुसऱ्या दिवशी जांघेत बधिर करून त्यांनी बारीक नळी आत सरकवली. मी जागीच होते. औषध सोडलं की ओटीपोटात ऊन ऊन वाटायचं. "बस, थोड़ी गर्माहट, भाभीजी." शेवटी मात्र अशी कळ आली की "भाभीजी म्हणू नका!" असं मी चक्क मराठीत ओरडले. त्यांनी "जी, बिल्कुल" म्हटलं.

नंतर पाय सरळ ठेवून पडून राहायचं होतं. नवरा पायाशी पहारा देत बसला.

"पाय हलवू नकोस."

"नाही हलवत."

"अंगठा हलला आत्ता."

"अरे, तुझ्या शर्टाची बटणं बघ. वरखाली लागलीत."

तो बटणं काढायला लागला आणि मधेच थांबला. डोळे भरून आले होते. "मला वाटलं, तू..." एवढंच म्हणाला. मी त्याला रडू दिलं. लग्नापासून पहिल्यांदाच त्याला एखाद्या विषयावर पुढं बोलता येत नव्हतं.

रक्त थांबलं. पुढची सोनोग्राफीही स्वच्छ आली. मग एक दिवस नेहमीसारखी, शहाणी पाळी आली, तेव्हा मी त्याला मेसेज केला. तो मीटिंगमध्ये होता. मेसेज वाचून मोठ्यानं "बहुत बढ़िया!" म्हणाला. समोर त्याची विद्यार्थिनी आपला प्रयोग कसा फसला ते सांगत होती.