सीताराम कोळी माईकवर गप्प बसला तेव्हा

चेंदणी कोळीवाड्यात कबड्डीचा सामना असला की माईक सीताराम कोळ्याकडे. त्याच्या हातात माईक देणं सोपं, काढून घेणं अवघड. एक चढाई संपेस्तोवर तो त्या गड्याच्या आजोळापर्यंत जाऊन यायचा.

शहाण्णव सालच्या गणपतीनंतर नाथाने आपल्या व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये मारामारीच्या गेमची स्पर्धा ठेवली आणि कॉमेंट्रीला सीतारामला बोलावलं. सीतारामने त्या मशीनला कधी बोटही लावलं नव्हतं.

"मारामारी ती मारामारी," तो म्हणाला. "त्यात शिकायचं काय?"

पहिल्या रविवारी तो दोन तास अखंड बोलला. "जटावाल्याने लाथ मारली. पांढऱ्या कपडेवाल्याने लाथ मारली. परत मारली." मधेच मंडळाचे आभार. वागळे इस्टेटमध्ये लेथ चालवणारा उत्तम लढत जिंकून उठला आणि शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही शाबासकी दिली तो हरलेला. मी उजवीकडचा."

बायको मनुबाई बाजारातून येताना दारात उभी राहून ऐकून गेली होती. घरी सीतारामने कौतुकाच्या तयारीनेच विचारलं, "कसं झालं?"

"मी पापलेट विकताना 'हे पापलेट आहे, हे पापलेट आहे' असं ओरडते का?" मनुबाई म्हणाली. "ते गिऱ्हाइकाला दिसतं. ताजं कशावरून, ते मी सांगते."

सीताराम रुसला, पण जेवला. दुसऱ्या दिवसापासून कामावरून सुटला की नाथाकडे जाऊन बसू लागला. उत्तमने त्याला समजावलं, "लाइफ, म्हणजे पडद्यावरची ती ताकदीची पट्टी. ते कमी झालं की माणूस घाबरून उडी मारतो. आणि हवेत गेला की फसलाच." टायपिंग क्लासात शिकवणारी जनी म्हणाली, "मी मुद्दाम मागे सरकते. समोरचा हावरट होऊन आत येतो." सीतारामने सगळं एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी उरलेल्या लढती होत्या. आता तो लाथा मोजत नव्हता. "बघा, लाइफ संपत आलंय. आता हा घाबरून उडी मारणार." आणि तो गडी खरंच उडी मारायचा. दोन-तीन लढतींत गर्दीलाही नजर आली.

फायनलला जनी आणि उत्तम समोरासमोर आले. सीताराम रंगात आला. "जनी मागे सरकतेय. घाबरली नाही ती, बोलावतेय. उत्तम, जाऊ नकोस."

उत्तम गेला नाही. जनीने मान वळवली. "काका, तुम्ही कॉमेंट्री करताय की त्याला शिकवताय?"

गर्दी हसली. सीताराम ओशाळून गप्प झाला आणि शेवटच्या फेरीत गप्पच राहिला. दोघांचंही लाइफ केसभर उरलेलं. माईक ओठांशी, आणि पार्लरमध्ये फक्त बटणांची खटखट. इतक्यात, सगळ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या उत्तमनेच उडी मारली.

"फसला," अख्खी गर्दी एका दमात म्हणाली. जनीचा ठोसा त्यानंतर बसला.

बाहेर पडताना नाथा म्हणाला, "सीताराम, तुझ्या आयुष्यातली सर्वात चांगली कॉमेंट्री आज तू न बोलता केलीस." सीतारामने ती स्तुतीच मानली.

त्यानंतर विठ्ठलवाडीपासून शहाडपर्यंत कुठे अशी स्पर्धा असली की त्याला बोलावणं यायचं. तो आठ दिवस आधी जाऊन खेळणाऱ्यांशेजारी बसायचा. एकदा स्वतःही खेळून पाहिलं. नऊ सेकंदांत हरला, आणि मशीनवाल्याला म्हणाला, "कॉमेंट्रीला चांगला माणूस नव्हता."