सोपान पेंटरची अक्षरं

बारामतीहून इंदापूरकडं जाताना एखादा ट्रॅक्टर तुम्हाला कट मारून पुढं गेला, तर शिवी हासडायच्या आधी त्याच्या ट्रॉलीचा मागचा फाळका जरा बघून घ्या. 'आईची कृपा', 'भावांचा लाडका', नाहीतर कुठल्याशा बैलजोडीचं नाव. असं जे काही लिहिलेलं असेल ते दहातल्या सहा वेळा सोपान पेंटरच्या अक्षरात असतं. ओळखायचं कसं? सोपं आहे. त्याच्या 'र'ला खाली शेपूट असतं, मांजर भिंतीवर बसल्यावर सोडतं तसं. आणि 'ह'चं पोट जेवून उठलेल्या माणसासारखं जरा सुटलेलं.

दुकान इंदापूर रस्त्यावर, बारामती संपता संपता. गाड्यांवर रेडियमची अक्षरं चिकटवून द्यायचं. पण कुणी 'रेडियमवाले' अशी हाक मारली की हा गृहस्थ मान वर करत नसे. 'पेंटर' म्हटलं तरच ओ द्यायचा. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

आणि तो होताच पेंटर. ऐन उमेदीत त्यानं दोन तालुक्यांतल्या भिंती रंगवल्या होत्या. खतांच्या जाहिराती, शाळांचे सुविचार, बैलगाड्या, ट्रॉल्या, उजनीच्या पाण्यातल्या होड्यासुद्धा. पुढं पंचेचाळिशी आली आणि उजवं मनगट थरथरायला लागलं. डॉक्टरांनी काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं. पेंटरनं त्यांनाच सुनावलं, "माझ्या हाताचं ऱ्हाऊ द्या, तुमच्या बोर्डावरची अक्षरं बगा. जिना उतरल्यागत खाली चालल्यात."

घरी येऊन मात्र त्यानं ब्रश माळ्यावर ठेवून दिला. मग त्यानं शहाणपणाचं एक काम केलं, आयुष्यातलं बहुधा एकमेव. पहाटे हात जरा निवांत असे, तेवढ्या वेळात त्यानं बावीस दिवस बसून सगळी बाराखडी जोडाक्षरांसकट ड्रॉइंग पेपरवर काढली. एका कॉम्प्युटरवाल्याकडून ती कॉम्प्युटरमध्ये घालून घेतली आणि रेडियम कापायचं मशीन विकत आणलं. तेव्हापासून बटण दाबलं की मशीनची सुरी खर्र करून पेंटरचंच अक्षर कापून द्यायची. हात बसला, पण अक्षर हिंडतफिरतं राहिलं.

हे सगळं दोन हजार सात सालचं. कॉम्प्युटरही तेव्हाचाच. पडद्यावर हिरवी टेकडी, निळं आभाळ. त्याला इंटरनेटचा वारा लागू दिला नव्हता, की कुणाला हात लावू दिला नव्हता. कुणी शिकलेला पोरगा म्हणाला, "काका, हे विंडोज आता चालत नाही," तर पेंटर विचारायचा, "मग हे म्होरं काय चाललंय? तमाशा?" चालत्या गाडीला खीळ घालू नये, या एका तत्त्वावर त्यानं अठरा वर्षं काढली.

मध्यंतरी लेकीनं, सुप्रियानं, नवा लॅपटॉप आणून दिला. पेंटरनं त्याला मशीन जोडून बघितलं. लॅपटॉप म्हणाला, हे यंत्र मी ओळखत नाही.

"अठरा वर्षं घरात ऱ्हातंय त्याला हा वळखत न्हाय!" पेंटर म्हणाला आणि लॅपटॉप बायकोच्या हवाली केला. ठमाबाई त्यावर कीर्तनं बघायच्या.

तर खंडेनवमी आली. आपल्याकडं या दिवशी हत्यारांची पूजा असते. कुणाचा नांगर, कुणाची जेसीबी, पेंटरचा कॉम्प्युटर. एरवी नारळ दुकानाच्या पायरीवर फुटायचा. पण यंदा कॉम्प्युटर महिनाभर धापा टाकत होता. वारं लागावं म्हणून पेंटरनं त्याच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावला होता. अशा आजारी माणसासाठी काही विशेष करायला हवं, असं त्याच्या मनानं घेतलं.

"अवो, पायरीवर फोडा," ठमाबाई म्हणाल्या.

"दुखणं कुणाला हाय? पायरीला का ह्याला?"

असं म्हणून पेंटरनं नारळ डब्याच्या लोखंडी कोपऱ्यावर हाणला. पूजा चालत्या हत्याराची करायची म्हणून कॉम्प्युटर चालूच ठेवला होता. नारळ निघाला पाण्यानं गच्च भरलेला. निम्मं पाणी फरशीवर गेलं, निम्मं उघड्या डब्यात. चर्र झालं, दोन ठिणग्या उडाल्या आणि हिरवी टेकडी मावळली.

पेंटर नारळाची दोन भकलं हातात घेऊन उभा राहिला.

"खोबरं मातूर चांगलं निघालं," शेवटी ठमाबाई म्हणाल्या.

त्याच वेळी पळसदेवच्या रणजितचा फोन यावा, याला म्हणतात दुष्काळात तेरावा महिना. रणजित हा रामहरीतात्यांचा मुलगा. छत्तीस वर्षांपूर्वी पेंटरनं तात्यांच्या बैलगाडीवर 'रामहरी' हे नाव काढलं, तेव्हापासून तात्यांची लूना, होडी, तीन ट्रॉल्या, सगळ्यांवर त्याचंच अक्षर. उद्या दसऱ्याला अकराच्या मुहूर्तावर शोरूममधून नवा ट्रॅक्टर निघणार होता. त्यावरही नाव मीच देणार, असं पेंटरनं महिन्यापूर्वी तात्यांच्या हातावर हात मारून सांगितलं होतं.

"नाव तयार हाय न्हवं?" रणजितनं विचारलं.

पेंटर चाचरला. "जरा... मशीनचं बगतोय."

"मग ताण घिऊ नका, पेंटर. शोरूमच्या शेजारी फ्लेक्सवाला हाय, धा मिंटात देतोय. अक्षर कुठलं बी चालंल. नाव कळल्याशी कारण."

पोरगं वाईट नव्हतं. काळजीपोटीच बोललं होतं. पण ते 'अक्षर कुठलं बी चालंल' पेंटरच्या फार जिव्हारी लागलं. थरथरत्या हाताचं दुखणं त्यानं अठरा वर्षं सोसलं, ते या वाक्याच्या विरोधातच. उद्या तात्यांच्या ट्रॅक्टरवर भलत्याच अक्षरात नाव लागलं, तर आपण पेंटर उरलो नाही, हे त्याला त्या फोनवर कळून चुकलं.

"उद्या अकरा वाजता माजंच अक्षर लागंल," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मग घामाघूम होऊन तीन दुकानं सोडून राहणाऱ्या बुद्धघोष गुरुजींच्या दारात जाऊन उभा राहिला. गुरुजींची मुलगी दिशा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती आणि उद्याच्या विहारातल्या कार्यक्रमासाठी घरी आली होती.

दिशानं दुकानात येऊन उघड्या डब्यात डोकावून बघितलं. वास घेतला. "पेंटरकाका, यात नारळ आहे."

"परसाद हाय."

"हार्डडिस्क जळलीय. अक्षरं गेली यातली. दुसरीकडं कॉपी ठेवलीय का?"

पेंटरचा चेहरा उजळला. "हाय की! कागद वाळवीनं खाल्लं, पन सीडी हाय. अक्षरं, मशीनचं समदं, येकाच सीडीत हाय. हितंच फळीवर डबा हुता..."

डबा होता. आत सुयादोरे होते. ठमाबाई एकाएकी आरतीचं ताट घासायला लागल्या.

"ठमे, सीड्या कुटं हायत?"

"त्या चकचकीत ताटल्या व्हय? सावळादादाच्या डाळिंबाला टांगाय दिल्या. पोपट लई झालं हुतं."

लोणी भापकरला फोन गेला. ठमाबाईंचे बंधू सावळाराम खुशीत होते. "दाजी, लई गुणाच्या ताटल्या! दोन वर्सं झाली, एक पोपट फिरकला न्हाय!"

दुपारी सावळाराम अकराच्या अकरा सीड्या सुतळीत ओवून मोटारसायकलवर घेऊन आले. संध्याकाळपर्यंत परत द्या, बाग उघडी पडलीय, असं बजावून बसले. पोपटांनी काही राग सीड्यांवर काढलेला दिसत होता. ठमाबाईंनी पदरानं एकेक पुसली. त्यात सुप्रियाच्या लग्नाची सीडी निघाली, तेव्हा त्या मटकन खाली बसल्या आणि पेंटरला जरा बरं वाटलं. घरात गुन्हेगार आता दोघं झाले.

नव्या लॅपटॉपला सीडी खायला तोंडच नव्हतं. दिशानं कुणाकडून तरी बाहेरून लावायचं यंत्र आणलं. सीडी गुरगुरली आणि मशीनचा प्रोग्रॅम त्यातून निघाला. याला ड्रायव्हर म्हणतात, दिशानं समजावलं, मशीनचं बोलणं कॉम्प्युटरला कळावं म्हणून असतो. पण नवं विंडोज त्याला दारातच अडवून उभं राहिलं.

"काय म्हनतंय?" पेंटरनं विचारलं.

"जुना आहे म्हणतंय. आणि याच्यावर सही नाही म्हणतंय."

"सही? आगं, सोसायटीचा क्लार्क बसवलाय काय आत?"

दिशा हसली. तिनं तासभर खटपट केली आणि पडद्याच्या मधोमध एक चौकोन उघडला. चौकोनात हिरवी टेकडी, निळं आभाळ. पेंटरनं हात जोडले.

"नव्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर बसवलाय," ती म्हणाली. "त्याला वाटतंय अजून दोन हजार सातच चाललंय. त्यामुळं तो हा ड्रायव्हर घेतो."

पेंटर लॅपटॉपपाशी वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "मग त्याला कुनी खरं सांगू नगा." थोड्या वेळानं त्यानं असंही विचारलं, की माणसासाठी अशी काही सोय निघालीय का.

मशीन खर्र करून जागं झालं. सावळारामांनी टाळ्या वाजवल्या. पण अक्षरांचं कपाट काही उघडेना. दिशानं सीडी पुसली, तीनदा लावून बघितली, दुसऱ्या यंत्रात घातली. ड्रायव्हर वाचला होता, अक्षरं उन्हानं खाल्ली होती. एक काना शिल्लक राहिला नव्हता.

"सॉरी, काका. मशीन चालेल आता. पण अक्षर कॉम्प्युटरचं साधं वापरावं लागेल."

"तू लई केलंस, बाळा," पेंटर म्हणाला. अकरा सीड्या घेऊन सावळाराम पोपटांकडं परतले. लग्नाचीही गेली, कारण तीही उघडत नव्हती.

संध्याकाळी पेंटरनं माळ्यावरून ब्रश काढला. डब्यात बोटभर रंग होता. जुन्या पत्र्यावर त्यानं 'र' काढायला घेतला. शेपटापर्यंत पोचता पोचता हातानं त्याचा गवताचा भारा केला. त्यानं दुसऱ्यांदा काढला नाही. ब्रश धुतला, मशीनवर साध्या अक्षरात 'रामहरी' कापलं आणि दुकान बंद केलं. नाव सरळ, स्वच्छ, बिनचूक आलं होतं. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजता तात्या आणि रणजित दुकानात आले. तात्यांच्या डोक्याला मुंडासं, अंगात नवा सदरा. पेंटरनं मान खाली घालून नाव पुढं केलं.

तात्यांनी ते उजेडात धरलं. फिरवलं. परत फिरवलं.

"हे कुनाचं नाव?"

"तुमचंच की, तात्या," पेंटर पुटपुटला.

"न्हाय."

"आवो, रामहरीच लिवलंय!" रणजित म्हणाला.

"तू नगं सांगू. माज्या नावाला शेपूट हाय. हे बोडकं कुनाचं तरी हाय."

मग तात्यांनी मुंडासं सारखं केलं आणि जरा लाजत बोलले. "पेंटर, मला वाचता कुटं येतंय? शाळंची पायरी न्हाय चढलो. तू गाडीवर नाव काढलंस, ते बगून बगून मातीत गिरवलं. बैल चरायचं आन् मी गिरवायचो. कारखान्याच्या सभंत आंगठा सोडून सही केली, ती तसलीच. दुसऱ्या कुनी लिवलं तर माजं नाव मला वळखत न्हाय."

पेंटरनं मान वर केली. "तात्या, सही करा."

"कशावर? कर्ज काडतुयास काय?"

"करा तर!"

तात्यांनी पेन्सिल मुठीत धरली आणि कागदावर जोर देऊन, जीभ दातात धरून, सावकाश लिहिलं: रामहरी. 'र'ला शेपूट होतं. 'ह'चं पोट सुटलेलं होतं. छत्तीस वर्षांपूर्वीचा, न थरथरणारा पेंटरचा हात त्या कागदावर जसाच्या तसा उतरला होता.

पेंटर ते बघून सरळ ओक्साबोक्शी रडला. ठमाबाई पाणी घेऊन धावल्या. कॉम्प्युटरपासून लांबूनच त्यांनी तांब्या दिला.

दिशा पांढऱ्या साडीत विहाराकडं निघाली होती, तिला हाक मारून थांबवलं. तिनं मोबाइलवर सहीचा फोटो काढला, अक्षरांच्या कडा आखून घेतल्या आणि चौकोनातल्या जुन्या कॉम्प्युटरकडं सोपवल्या. मशीन खर्र झालं. पिवळं धमक 'रामहरी' शेपूट हलवत बाहेर आलं.

"बाकीची अक्षरं पण अशीच गोळा करा, काका," ती म्हणाली. "गाड्यांवर असतील की तुमची. मी भरून देईन एकेक. आणि या वेळी दोन कॉप्या."

"डाळिंबाला एकबी द्याची न्हाय," पेंटर म्हणाला.

अकराला ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नाव लागलं. तात्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि "हां, हा मी," म्हणाले. शोरूमवाल्यांनी मानानं नारळ पेंटरच्या हातात दिला. ठमाबाईंनी तो काढून घेतला आणि रणजितकडं दिला.

मग पेंटर ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर चढून बसला. पळसदेवला तात्यांची जुनी होडी अजून पाण्याकाठी पालथी पडलेली होती. तिच्या अंगावर 'उजनीची मासोळी' लिहिलेलं होतं, म्हणजे उ, ज, न, च, स, ळ हाताशी लागणार होते. 'ज्ञ' मोरगावच्या एका टेंपोवर होता, त्यासाठी परवा एसटीनं जायचं ठरलं. रणजितनं ट्रॅक्टर चालू केला. पेंटरचा हात थरथरत होता, पण आता सगळा ट्रॅक्टरच थरथरत होता, त्यामुळं कुणाला ते दिसलं नाही.