सांगितलं ते घरधन्याला

मंगरूळपीरच्या रहीमने एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमारास गॅसबत्त्यांची दुरुस्ती सोडली आणि अकोल्याला जाऊन वायरिंग शिकून आला. गावात वीज मोजक्याच घरांत होती, आणि त्यातले निम्मे लोक साधं बटन दाबायलाही त्यालाच बोलवायचे. तोही हसत जायचा. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार कोंबू नका, असं दहादा बजावायचा. माणूस कामात पक्का, पण बायामाणसांपुढे मान खाली. परक्याच्या घरात घरधन्याशीच बोलायचं, हा त्याच्या बापाचा दंडक.

एका पावसाळ्यात किराणा दुकानवाल्या इंद्रभानने त्याला बोलावलं. ओसरीतल्या बटनाची पितळी टोपी हाताला झिणझिण्या देत होती. रहीमने मेन स्विचचा दांडा खाली पाडून घरातली वीज तोडली, टोपी उघडली. भिंत ओलावलेली, आतली तार टोपीला टेकलेली. ती तार तेव्हाच काढून टाकायला हवी होती. पण मेन पाडलाय, मग भीती कसली, असं त्याला वाटलं.

"इंद्रभानभाऊ, मी अकोल्याहून नवं बटन आनतो. तवरक मेन वर करू नका. कंदील लावा."

"बरं," म्हणून इंद्रभान दुकानात गेला. बायकोला सांगायचं त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही. मेनशी बाईचा काय संबंध?

पण त्या घरात दिवा लावायची त्याची बायको ललिताबाईच. तिन्हीसांजेला हातपाय धुवायचे, दिवा लावायचा, हात जोडायचे. कंदिलाच्या काळापासूनची रीत, बटन आलं म्हणून कशी मोडावी? त्या सांजेला तिला मेनचा दांडा खाली दिसला. नवऱ्याला तो वर करताना तिने पाहिलं होतं. तिने तो वर केला आणि ओल्या हाताने बटन दाबलं.

रहीम अकोल्याच्या मोटारीतून उतरला तो आरडाओरडा ऐकतच. तो इंद्रभानच्या ओसरीकडे धावला. ललिताबाई बटनालाच चिकटलेली; लोक लांब उभे होते, जवळ जायची कोणाची छाती होत नव्हती. त्याने कोरड्या काठीने मेन पाडला, तिला बाजूला घेतलं, हाका मारल्या. सगळं संपलं होतं. दोन लेकरांची आई हकनाक गेली. रहीम तिथेच ओक्साबोक्शी रडला.

दहावं झाल्यावर तो भेटायला गेला. इंद्रभान खांबाला टेकून बसला होता, त्याने वरही पाहिलं नाही. बोलली ती त्याची आई, धुरपताबाई.

"तुले मालूम व्हतं, बटनात करंट हाये?"

"हो, माय. भाऊले सांगून गेलतो."

"अन् तिले?"

रहीमने मान खाली घातली.

"दिवा तं तेच लावे ना, बाबा. अंदरच व्हती. काहून नाही सांगतलं तिले?"

रहीम उठला. त्याने पायांत चपला घातल्या, तेव्हा इंद्रभान पहिल्यांदा बोलला.

"त्याले कायले इचारतं, माय? तो तं परका मानूस. मले इचार ना."